सालईगडचं नववं प्रकरण

आनंदराव हरकऱ्यांचे डोळे गेले तेव्हा त्यांच्या पुस्तकाची चारच प्रकरणं लिहून झाली होती. काचबिंदूनं आधी डावा डोळा नेला आणि वर्षभरात उजवा. कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस, पण हाय खाल्ली नाही. सातपुड्याच्या कडेला, जुन्या नागपूर राज्याची हद्द जिथं संपायची तिथं, सालईगड नावाचा एक ओसाड किल्ला आहे. दोन खचलेले बुरूज, एक कोरडं टाकं आणि एक भलाथोरला दरवाजा, एवढंच आता तिथं उरलंय. रामटेकला दर्शनाला जाणारी माणसं तिकडं फिरकतसुद्धा नाहीत. त्या किल्ल्याचा इतिहास लिहीन तर मीच, अशी आनंदरावांची जिद्द होती. डोळे गेले म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्याचे डोळे कामाला लावले.

ते डोळे पुष्पलता सोमकुवरचे. ती नागपूरच्या इंदोऱ्यात वडिलांबरोबर राहायची, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायची. मोडी ती वर्तमानपत्र वाचावं तशी वाचायची, आणि असं वाचणारी माणसं नागपुरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. रोज सकाळी दहाला तिची स्कूटी प्रतापनगरातल्या हरकऱ्यांच्या घरापाशी थांबायची. एक वाजेपर्यंत ती जुने कागद वाचून दाखवायची आणि ते सांगतील ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. अशी सात वर्षं गेली. किल्ल्याच्या पायऱ्या मोजायला, दरवाज्याची उंची मापायला सरांनी तिला चार वेळा सालईगडावर धाडलं. पुस्तकात मात्र सगळीकडे 'आम्ही मोजल्या', 'आम्ही पाहिलं' असंच आलं.

त्याचं तिला काही वाटायचं नाही. वाटायचं ते 'ण'चं.

"थांब," वाचता वाचता आनंदराव बोट उचलायचे. "काय म्हणालीस? पानी? ण म्हण. पाणी."

"पाणी."

"जिभेचं टोक वर ने. टाळूला लाव. पाणी. बाण. ठाणं. पुन्हा."

बेचाळीस वर्षांची बाई, एम.ए.च्या मुलांना शिकवणारी, त्या खोलीत बसून पंधरा-वीस वेळा पाणी, बाण, ठाणं म्हणायची. ती चुकत नसतानाही ते थांबवायचे. कधी पाहुणे बसलेले असले की हटकून. "वाचते चांगलं," ते पाहुण्यांना सांगायचे, "फक्त तोंडात गाव राहिलंय." पाहुणे हसायचे. आतून इंदुताई, आनंदरावांची बायको, चहा घेऊन यायच्या आणि कप ठेवताना पुष्पलताच्या खांद्याला हात लावून जायच्या. एवढंच. नवऱ्याला त्या काही बोलायच्या नाहीत. पन्नास वर्षांच्या संसारात ती सवयच राहिली नव्हती.

पुस्तकाचं नववं प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं. ते होतं किल्लेदार हैबतरावांचं. दोनशे वर्षांपूर्वी पेंढाऱ्यांची टोळी घाट उतरून आली, तेव्हा मूठभर शिबंदीनिशी हैबतरावांनी किल्ला राखला, अशी ख्याती. त्यांचे आजचे वंशज गोपाळराव. मंगल कार्यालयं, शाळा, राजकारणात ऊठबस, असा मोठा पसारा. पुस्तक छापायचं त्यांनीच अंगावर घेतलं होतं. एक दिवस ते स्वतः जुन्या कागदांचा रुमाल, म्हणजे लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं, घेऊन आले.

"सर, आमच्या आजोबाच्या पेटीत होतं हे," ते म्हणाले. "आमच्या घरात कोनाले हे वाचता येत नाही. पण पाहा ना, काहीतरी दमदार निघेल यातून. पुतळा बसवायचा आहे आपल्याले."

गोपाळरावांच्या 'कोनाले'वर आनंदरावांनी बोट उचललं नाही. पुष्पलतानं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी रुमाल सोडला. बहुतेक कागद रसदीचे, दारूगोळ्याचे. बाराव्या कागदाशी ती अडली. गडावरच्या कारकुनानं नागपूरला धाडलेलं ते पत्र होतं. तिनं आधी मनात वाचलं आणि गप्प बसली.

"काय झालं? पुसट आहे?"

"नाही सर. चांगलं स्वच्छ आहे."

"मग वाच."

ती वाचू लागली. "पेंढारी घाट उतरोन आले. रयत गडाखाली आली. दरवाजा उघडावा म्हणोन आकांत केला. हुकूम जाला की पाटील व वाणी यांची माणसे दिंडीने आत घ्यावी. गुरे घ्यावी. महारवाड्याची माणसे घेऊ नयेत, धान्य पुरणार नाही. ती माणसे दोन प्रहर दरवाज्यासी होती. पेंढारियांनी सत्तेचाळीस माणूस कापिले. लेकरे त्यात. प्राण जाईतो दरवाजा ठोकीत होती..."

"प्राण," आनंदराव म्हणाले.

"काय सर?"

"प्रान म्हणालीस. ण म्हण. प्राण."

"प्राण," ती म्हणाली.

"हं. पुढे."

"किल्लेदार देवघरात बसोन होते. दुसरे दिवशी दरवाजा धुवोन घेतला, मग उघडिला."

आनंदरावांनी पत्र पुन्हा वाचायला लावलं. कागदाचा पोत विचारला, शिक्क्याचा आकार विचारला, तारीख कशी घातलीय ते विचारलं. कागद हातात घेऊन बोटांनी चाचपला, नाकाशी नेला.

"अस्सल आहे," ते म्हणाले.

"हो सर."

"ठेवून दे रुमालात. हा घ्यायचा नाही."

"सर, अस्सल आहे म्हणता ना?"

"म्हणूनच घ्यायचा नाही. खोटा असता तर दोन ओळींत निकालात काढला असता."

"निदान तळटीप तरी, सर. माझं गाव तेच आहे. सालई खुर्द. माझे बाबा तिथलेच."

"तरीच," आनंदराव हसले. "तुमच्या लोकांचं नाव आलं की तुम्हाला कागद लगेच गोड लागतो. इतिहास असा लिहीत नाहीत, पुष्पलता. उतरवून घे."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. हैबतरावांचं शौर्य, बुरुजावरचा मारा, पेंढाऱ्यांची दाणादाण. मग जरा थांबून त्यांनी एक वाक्य रचलं. ते त्यांना इतकं आवडलं की पुन्हा पुन्हा म्हणून घासूनपुसून घेतलं: 'गावच्या सत्तेचाळीस महारांनी आत येण्यास नकार देऊन, स्वामिनिष्ठेने दरवाज्याबाहेर उभे राहून, किल्ल्यासाठी प्राण दिले.'

"सर, त्यात लेकरं होती."

"लिही."

तिनं लिहिलं. मग त्यांनी ते वाक्य तिच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. लय जमते का ते पाहायला, असं म्हणाले.

त्या दिवशी घरी गेल्यावर पुष्पलतानं वडिलांना सगळं सांगितलं. कवडू सोमकुवर खापरखेड्याच्या वीज केंद्रात राखेच्या कामावर तीस वर्षं होते. रिटायर झाल्यापासून खोकत खोकत अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालायचे.

"गावात आपल्या लोकाइच्या घराचे दारं पाह्यले काय तू?" ते म्हणाले. "एकबी दार गडाकडे नाही. समद्याइची पाठ गडाकडे. मी बापाले विचारलं होतं, काहून? त्यानं मले एक थापड मारली. मंग मी कधी विचारलं नाही."

"मी काय करू बाबा?"

"मले काय विचारतं वं? शिकली तू. मी तं राख उचलली." त्यांनी झारी खाली ठेवली. "पन तो म्हनते, का आपून मजेनं मेलो? लेकरं घेऊन? हे कसं आयकलं तुनं?"

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली, गुपचूप त्या पत्राचा फोटो काढला, आणि आठ दिवसांत तिनं दुसरं नववं प्रकरण लिहिलं.

सात वर्षं दुसऱ्याची वाक्यं उतरवून घेतली की त्याची चाल अंगात भिनते. सर कुठं 'तथापि' म्हणतील, कुठं जुन्या पंडिताला चिमटा काढतील, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिनं त्यांच्याच भाषेत लिहिलं. कारकुनाचं पत्र जसंच्या तसं घातलं. दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाज्यातलं लहान दार, किती रुंद आहे हे तिनं स्वतः मोजलं होतं. एक म्हैस जेमतेम आत जाईल एवढी. तेही लिहिलं. शेवटी पत्राचं छायाचित्र जोडलं.

छापखान्यात तिची फाइल गेली. मुद्रितं तपासायला आली की ती सरांसमोर बसायची आणि नवव्या प्रकरणाशी आली की छापलेलं सोडून त्यांचं जुनं प्रकरण तोंडपाठ म्हणायची. आनंदराव डोळे मिटून ऐकायचे, मान डोलवायचे. "स्वामिनिष्ठेने दरवाज्याबाहेर," ते स्वतःशीच म्हणायचे. पहिल्या खेपेला तिच्या तळहातांना घाम फुटला होता. दुसऱ्या खेपेला नाही. तिसऱ्या खेपेला तिला त्यात गोडी वाटली. समोरचा म्हातारा किती खुशीत आहे ते बघत, हातात दुसरीच पानं धरून, ती सावकाश, चवीनं, एकेक शब्द वाचत गेली.

एकदा ती हात धुऊन बाहेर आली तर इंदुताई जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून उभ्या. हातात नववं प्रकरण. आतल्या खोलीतून आनंदरावांचं, वरच्या पट्टीतलं, सवतीच्या पोराला सांगावं तसलं बोलणं चाललं होतं, "इंदू, पंखा! किती वेळा सांगायचं, पंखा!" इंदुताईंनी पान उलटलं, शेवटपर्यंत वाचलं, मग सगळी पानं टेबलावर ठोकून सारखी केली.

"चहा गार झाला तुझा," त्या म्हणाल्या. "दुसरा ठेवते." आणि पंखा लावायला आत गेल्या.

प्रकाशन सीताबर्डीतल्या एका सभागृहात झालं. गोपाळरावांची माणसं, शाळेचा बँड, स्टेजवर हैबतरावांचं मोठं चित्र. पुष्पलता तिसऱ्या रांगेत बसली होती, शेजारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले कवडू. आनंदरावांना शाल पांघरली. पुस्तक हातात आल्यावर त्यांनी ते उघडून चेहऱ्याशी नेलं, नव्या शाईचा वास घेतला आणि लहान मुलासारखे हसले. भाषणात त्यांनी पुष्पलताचा उल्लेखही केला. "वाचनसाहाय्य करणारी एक मुलगी होती," असा.

अध्यक्ष होते एक निवृत्त न्यायाधीश. त्यांनी म्हटलं, "मी आपलं बोलण्यापेक्षा सरांचंच थोडं वाचून दाखवतो. किल्लेदारांचं प्रकरण." त्यांनी नववं प्रकरण काढलं आणि घसा साफ करून वाचायला लागले.

पहिल्या पानावर आनंदराव मान डोलवत होते. दुसऱ्या पानावर मान थांबली. न्यायाधीशांचा आवाजही हळूहळू उतरत गेला, पण वाचायचं त्यांनी थांबवलं नाही. कोर्टातली सवय असेल. "गुरे घ्यावी," त्यांनी वाचलं. "महारवाड्याची माणसे घेऊ नयेत." सभागृहात कुणाचा तरी फोन वाजत होता, तो कुणी बंद केला नाही. "दुसरे दिवशी दरवाजा धुवोन घेतला, मग उघडिला."

"हे माझं नाही!" आनंदराव उठून उभे राहिले. शाल खाली पडली. "हे मी लिहिलेलं नाही. हिनं घातलंय. ही, ही!" त्यांनी हात लांब करून बोट दाखवलं. ते बोट पहिल्या रांगेतल्या इंदुताईंकडे होतं.

मागून कुणीतरी हसलं.

"सर, हे काय होऊन राहिलं?" गोपाळराव गरजले. "पत्र खरं आहे का खोटं, तेवढं सांगा मले."

आनंदरावांचे ओठ हलले. "खोटं आहे."

पुष्पलता उभी राहिली. तिचा आवाज माइकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "कशावरून खोटं, सर? कागदावरून, की शिक्क्यावरून? तुम्ही बोटांनी तपासलं होतं. अस्सल म्हणाला होतात. कुठला शब्द खोटा, तेवढा एक दाखवा."

"दाखवा!" बाल्कनीतून दोघं-चौघं ओरडले.

तिला ठाऊक होतं त्यांना दाखवता येणार नाही. म्हणूनच तिनं 'सांगा' न म्हणता 'दाखवा' म्हटलं होतं. आनंदरावांनी पुस्तक उघडलं. ते उलटं धरलं होतं. पानांवरून त्यांची बोटं भराभर फिरू लागली, जशी काही त्या गुळगुळीत कागदावर अक्षरं हाताला लागणार होती. आता हसणारे पुष्कळ झाले. कवडूंनी लेकीचा हात ओढला. "चाल पुष्पे. बस झालं. म्हातारा मानूस हाय तो." ती हलली नाही. तिला शेवटपर्यंत बघायचं होतं.

पुस्तकं त्याच दिवशी गोदामात परत गेली. हॉलमधून लोकांनी ज्या प्रती नेल्या होत्या तेवढ्याच बाहेर राहिल्या. गोपाळरावांच्या माणसांना काही खरं-खोटं करत बसायचं नव्हतं. पुस्तकावर नाव हरकऱ्यांचं, तेव्हा शिक्षाही हरकऱ्यांनाच. तिसऱ्या दिवशी दुपारी सहा जण घरात शिरले, आनंदरावांना खुर्चीतून उठवून फाटकापाशी आणलं आणि तोंडाला काळा ऑइलपेंट फासला. त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. पुष्पलतानं तो कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पाहिला. त्यात आनंदराव दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवून विचारत होते, "इंदू, हे काय आहे गं? रक्त आहे का? रक्त आहे का सांग ना." पोरं खिदळत होती. इंदुताई रॉकेलचा बोळा घेऊन आल्या तर एकानं तो हिसकावून फेकला. "राहू द्या आजी, छान दिसतंय."

तिनं तो व्हिडिओ तीनदा पाहिला. आपल्याला वाईट वाटतंय का, हे तिनं स्वतःला तपासून पाहिलं. इंदुताईंसाठी वाटत होतं. त्याच संध्याकाळी कॉलेजातून फोन आला, पुढच्या सत्रात तुमच्यासाठी तास नाहीत म्हणून.

सोमवारी ती दहाला प्रतापनगरात गेली. का गेली, हे तिला नीट सांगता आलं नसतं. कागदावर तिचा जीव होता, मूळ पत्र अजून त्याच घरात असेल असं तिला वाटत होतं, ते एवढं एक कारण खरं. इंदुताईंनी मुकाट्यानं दार उघडलं. आनंदराव नेहमीच्या खुर्चीत होते. कानामागं, भुवयांत अजून काळं उरलं होतं, आणि घासून घासून गालाची सालटी निघाली होती.

"आलीस," ते म्हणाले. "पावलं ओळखतो मी. बस. तू लिहिलेलं प्रकरण वाच."

"सर..."

"पूर्ण वाच. त्या दिवशी त्या जज्जानं वाट लावली."

तिनं पर्समधून प्रत काढून वाचलं. एकदाही त्यांनी थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाले, "दोन ठिकाणी क्रियापद घसरलंय. बाकी बरं आहे. माझ्यापेक्षा बरं असेल कदाचित. पण नाव माझं घातलंस. स्वतःचं घालायची छाती झाली नाही."

"माझ्या नावानं लिहिलं असतं तर कुणी वाचलं नसतं, सर."

"हे मात्र खरं," ते म्हणाले, आणि त्यांना ते बोलताना बरं वाटलं हे तिला दिसलं. "रुमाल शोधायला आलीस ना? काल गोपाळरावांचा माणूस आला होता. देऊन टाकला."

"ते पत्रही?"

"सगळे कागद. त्यांची चीज त्यांना. मागच्या अंगणात जाळले म्हणे, त्यानंच फोन करून सांगितलं. आणि मी निवेदन दिलंय पेपरला. उद्या येईल. पत्र बनावट, माझ्या आंधळेपणाचा फायदा घेऊन साहाय्यक बाईनं घुसडलेलं. सही इंदूनं हात धरून करून घेतली." त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. "फोटो आहे तुझ्याकडे. फोटोला कोण विचारतं? मूळ कागद दाखव म्हणतील. दाखव."

पुष्पलतानं प्रत पर्समध्ये टाकून चेन ओढली.

"रागावू नकोस. दुसरी आवृत्ती काढायची आहे. गोपाळराव तयार आहेत. मोडी वाचणारं दुसरं कोण आहे मला? उद्या दहाला ये. नववं प्रकरण पहिल्यापासून घेऊ. वाटलं तर मुखपृष्ठाच्या आत तुझं नाव टाकीन. बारीक टाइपात, पण टाकीन. ऐकतेस ना?"

ती उठली होती, पण चालली नव्हती. श्वाससुद्धा हळू घेत ती तिथंच उभी राहिली. तिला बघायचं होतं, उत्तर नाही आलं की हा माणूस काय करतो.

"पुष्पलता?" आनंदरावांनी मान वळवली. चुकीच्या बाजूला. "अगं, बोल ना. पुष्पलता?" त्यांचा हात पुढं आला, हवेत चाचपडला, टेबलाच्या कडेला लागला. "इंदू! इंदू, ती आहे का इथं?"

इंदुताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पुष्पलताकडे पाहिलं. चार हातांवर तर ती होती.

"गेली," इंदुताई म्हणाल्या.

आनंदराव खुर्चीत मागं टेकले. इतका वेळ ताठ ठेवलेले खांदे एकदम सैल पडले, हनुवटी थरथरायला लागली. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"जाताना रडत होती का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग काय करत होती?"

"तुमच्याकडे बघत होती."

पुष्पलतानं चपला हातात घेतल्या आणि अनवाणी पायऱ्या उतरली. फाटकाबाहेर येऊन तिनं स्कूटी स्टँडवरून काढली, पण सुरू केली नाही. आवाज आत जाऊ नये म्हणून तिनं पार कोपऱ्यापर्यंत, भर उन्हात, गाडी ढकलत नेली.